मॅट्रिकची वाट आणि दुसरी वाट

शाळेनंतर काम कुठे, हा प्रश्न जुना आहे. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने हायस्कूलमध्ये दोन वाटा सुचवल्या: एक विद्यापीठाकडे, दुसरी व्यापार-व्यवसायाकडे. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन द्यावं, असंही त्याच आयोगाने सांगितलं. पण दुसरी वाट ओसच राहिली. सरकारी नोकरी मॅट्रिकवर मिळत होती, मग पोरं तिकडे कशाला वळतील? पुढे १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने ठरावीक उद्योगांना शिकाऊ उमेदवार घेणं भाग पाडलं. तेव्हा कुठे त्या वाटेच्या टोकाला काम दिसू लागलं. म्हणून आमच्या उर्दू शाळेतले पालक दहावीनंतर आयटीआयबद्दल विचारतात, तेव्हा मी म्हणतो: ट्रेड जरूर निवडा, पण अ‍ॅप्रेंटिसशिप कुठे मिळेल, हे आधी विचारा.