दगड थांबतो, पाणी थांबत नाही

पावसाळ्यात धबधब्यासमोर उभं राहून फोनमधलं ‘लाँग एक्स्पोजर’ तुम्ही कधीतरी वापरलं असेल. पाणी दुधासारखं होतं, दगड मात्र जिथल्या तिथे राहतात, आणि फोटोवर लाइक्स पडतात. आज आपण मुद्दाम आणतो तो हा परिणाम दीडशे वर्षांपूर्वी नाइलाज होता.

१८६१च्या उन्हाळ्यात कार्लटन वॉटकिन्स नावाचा फोटोग्राफर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात शिरला. जन्म न्यूयॉर्क राज्यातला, १८२९चा. सोन्याच्या शोधात लोक पश्चिमेकडे धावत होते, त्या लाटेत तोही विशीत इकडे आला होता. त्याच्यासोबत डझनभर खेचरं होती, कारण त्याच्या कॅमेऱ्यात १८ बाय २२ इंचांची काच बसायची. म्हणजे जवळपास खिडकीचं तावदानच.

एवढा अवाढव्य कॅमेरा कशाला? हौस म्हणून नव्हे. तेव्हा निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात धरायची, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. तीन हजार फूट उंच कडा भिंतीवर भव्य दिसायला हवा असेल, तर काचही तेवढी मोठी हवी.

आणि ती काच ओली असताना वापरायची. तंबूतल्या अंधारात काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण एकसारखं पसरायचं, मग ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा आणि ती वाळायच्या आत तंबूत परत आणून डेव्हलप करायची. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं. धूळ बसली, ओघळ आला, हात थरथरला की काच वाया. शटर नव्हतंच, लेन्सवरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि परत लावायचं.

हे आकडे बरेच मोजावे लागत. काच मोठी म्हणजे लेन्स लांब पल्ल्याची, आणि तशा लेन्सने पायापाशी पडलेला धोंडा आणि पलीकडचा कडा दोन्ही स्पष्ट हवे असतील तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं. छिद्र बारीक म्हणजे उजेड कमी, उजेड कमी म्हणजे वेळ जास्त. तेवढ्या वेळात ग्रॅनाइट हलत नाही. २,४२५ फुटांवरून कोसळणारा योसेमिटी धबधबा मात्र फोटोत पांढरा फराटा होऊन उतरतो. त्याच खोऱ्यात छोट्या दुहेरी कॅमेऱ्याने, त्रिमितीय दिसणारे फोटो काढताना, वेळ कमी लागायचा आणि पाणी बरंच पाण्यासारखं दिसायचं. तरी वॉटकिन्सची कीर्ती झाली ती मोठ्या काचांमुळेच. मला तर त्या फराट्यामुळेच दगड जास्त दगड वाटतो.

१८६२च्या अखेरीस हे फोटो न्यूयॉर्कमधल्या एका गॅलरीत लागले. गृहयुद्ध चालू होतं. १८६४च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या एका जहाज कंपनीच्या प्रतिनिधीने सिनेटर जॉन कॉनेस यांना पत्र लिहिलं: हे खोरं खासगी हातात जाऊ देऊ नका. सोबत वॉटकिन्सचे फोटो जोडले. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी कायद्यावर सही केली आणि योसेमिटी खोरं लोकांसाठी राखून ठेवायच्या अटीवर कॅलिफोर्निया राज्याला मिळालं. लिंकन स्वतः तिथे कधीच गेले नाहीत.

पण त्या फोटोंमधल्या एकांताकडे जरा संशयाने बघा. ‘मानवाचा स्पर्श न झालेला निसर्ग’ असं त्यांना बघून वाटतं. त्या खोऱ्यात अवानीची लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, आणि वॉटकिन्स पोहोचण्याआधी फक्त दहा वर्षं, १८५१मध्ये, सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकलं होतं. चौकटीतली ती शांतता आपोआप आलेली नव्हती.

१८७२मध्ये एडवर्ड मायब्रिज मोठ्या काचा घेऊन त्याच खोऱ्यात आला. त्याचंही पाणी धुकंच झालं. गंमत अशी, की याच माणसाने १८७८मध्ये १२ कॅमेरे ओळीने लावून धावता घोडा थांबवला, तोही ओल्या काचेवरच! फरक एवढाच, की प्रखर ऊन आणि पांढरी पार्श्वभूमी घेऊन त्याने बारकावे सोडून दिले. घोडे जवळजवळ सावल्यांसारखे दिसतात. वॉटकिन्सला मात्र दगडावरची एकही चीर सोडायची नव्हती.

त्याला हिशेब जमत नव्हता. १८७०च्या दशकातल्या मंदीत सॅन फ्रान्सिस्कोतली त्याची गॅलरी धनकोंच्या हातात गेली, निगेटिव्हसकट. त्या आयझेया टेबर या फोटोग्राफरकडे गेल्या आणि त्याने त्या स्वतःच्या नावाने छापल्या. कॉपीराइटची तक्रार घेऊन जाणार कुठे? वॉटकिन्स पुन्हा योसेमिटीत गेला, तेच कडे, तेच धबधबे नव्याने टिपले आणि त्या संचाला ‘नवी मालिका’ म्हटलं.

१९०६च्या एप्रिलमध्ये भूकंप आणि पाठोपाठच्या आगीत त्याचा स्टुडिओ, उरलेल्या काचांसह, जळून गेला. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्या दिवसांतला एक फोटो आहे: हातात काठी घेतलेला दाढीवाला म्हातारा, त्याला धरून रस्त्याने नेत आहेत. १९१०मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं, १९१६मध्ये तो तिथेच गेला. योसेमिटीतल्या एका डोंगराला त्याचं नाव आहे. टेबरच्या नावाने छापलेले त्याचे फोटो मात्र अजून फिरतात.