कुंभार्ली घाट, सतरा वर्षांचा धोंडो आणि माझी पोरगी

मित्रांनो, आज जरा जुनी गोष्ट सांगतो. शेवटी ती माझ्याच घरात येऊन थांबते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

साल १८७५. पावसाळ्याचे दिवस. दापोलीजवळच्या मुरूड गावची काही पोरं साताऱ्याला पायी निघाली. शंभर मैलांच्या वर अंतर आणि वाटेत आपला कुंभार्ली घाट. आज आपण एसटीत डुलक्या घेत तो पार करतो. त्या पोरांत सतरा वर्षांचा धोंडो केशव कर्वे होता. पुढे त्याला सगळे महर्षी कर्वे म्हणाले.

जायचं होतं सहावीच्या सरकारी परीक्षेला. ती पास झालं की नोकरीची वाट उघडायची. फोन नाही. पोरगं पोचलं की नाही, हे घरच्यांना लगेच कळायचा मार्ग नाही. तरी घरच्यांनी जाऊ दिलं.

आणि झालं काय? अंगकाठी लहान, म्हणून साहेबांना तो सतरा वर्षांचा वाटलाच नाही. परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढी पायपीट करून पोरगा हात हलवत परत.

हा प्रसंग कर्व्यांनी स्वतः ‘आत्मवृत्ता’त लिहून ठेवलाय. पण त्यांचं शिक्षण तिथं थांबलं नाही. ती परीक्षा ते पुढे पास झाले, १८८१ ला मॅट्रिक, १८८४ ला बी.ए. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस! आज आपल्याकडे पोराचं एक वर्ष वाया गेलं तर घरात सुतक पडतं.

बरं, हे पोरगं जन्मतः धीट होतं असंही नाही. कर्वे फार लाजाळू होते. पण मुरूडला सोमण गुरुजी होते. ते या पोराला देवळात बसवून गावकऱ्यांपुढे मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला लावायचे. म्हणजे आधी गावातलं छोटं काम सोपवलं, घाट नंतर आला. स्वातंत्र्य असंच द्यायचं असतं, थोडं थोडं, झेपेल तेवढं. आपण काय करतो? अठरापर्यंत क्लासच्या दारात सोडतो-आणतो आणि मग एकदम पुण्याच्या हॉस्टेलला नेऊन टाकतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. पायी साताऱ्याला जायची मोकळीक मिळालेल्या या पोराचं लग्न मात्र त्याआधीच घरच्यांनी लावून टाकलं होतं. राधाबाई तेव्हा जेमतेम आठ वर्षांच्या. त्यांना कुणी कुठं जायचंय का विचारलं? घाट पोरांसाठी होता, पोरींसाठी उंबरठा. तो काळच तसा होता, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. कर्व्यांनी सोडून दिलं नाही. १८९३ ला त्यांनी विधवेशी लग्न केलं, गावानं बहिष्कार टाकला. १८९६ ला पुण्यात विधवांसाठी आश्रम आणि १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं.

आता माझ्या घरी येतो. माझी पोरगी सोळा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात म्हणाली, “बाबा, मामाकडं मी एकटी एसटीनं जाते.” मी पटकन ‘नको’ म्हणालो. ती एवढंच म्हणाली, “दादा गेला होता की, माझ्याच वयाचा असताना.”

उत्तर नव्हतं माझ्याकडं. दादाला मीच स्टँडवर सोडलं होतं, अभिमानानं. भीती वाटते हे खरंय, आणि ती खोटी नाही. बातम्या मीच लिहितो, मला माहितीय. पण १८७५ ला त्या पोरांच्या घरच्यांनाही भीती वाटलीच असणार.

रविवारी ती जाणार आहे. तिकीट ती काढेल, गाडी ती विचारेल. पोचल्यावर एक फोन, एवढंच ठरलंय. चुकीच्या गाडीत बसली तर उतरून दुसरी पकडेल. ओरडायचं नाही, हे मी स्वतःला बजावलंय.

तुमच्या घरी काय चाललंय? पोराला दिलेली मोकळीक पोरीलाही दिलीय का? खरं खरं लिहा.