दडलेल्या ओळी कागदावर का येत नाहीत?

ऑर्ग मोडच्या जुन्या माहितीपुस्तिकेत एक तळटीप होती. कामांच्या यादीतून हवी तेवढीच गाळून छापण्याच्या सोयीचं मूळ मला त्या तळटिपेत दिसतं.

ऑर्ग हा ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचा भाग. हजार ओळींच्या टिपणातून फक्त राहिलेली कामं शोधली की बाकीच्या ओळी मिटतात. पुस्तिका म्हणते, आता ईमॅक्सच्या छपाईच्या एका आज्ञेने छापा, दडलेलं छापलं जाणार नाही. खाली तळटीप: एक्सईमॅक्समध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या वेगळ्या फुटलेल्या शाखेत, हे चालत नाही, कारण तिथे लपवण्याची रीत वेगळी आहे.

ती जुनी रीत अशी. ओळ लपवायची तर तिच्या आधीचं नव्या ओळीचं चिन्ह काढून तिथे कॅरेज रिटर्न ठेवायचं. लपवण्यासाठी मजकुरातच ढवळाढवळ! नव्या रीतीत अक्षरांना हात लागत नाही, त्यांच्यावर फक्त ‘अदृश्य’ असा गुणधर्म चढतो. मग कोणताही प्रोग्राम प्रत्येक अक्षराला विचारू शकतो, तू दिसतंस का? छपाईच्या प्रोग्रामने तेच विचारलं. माझ्या मते गाळीव छपाई तिथे जन्मली, कामांच्या याद्यांचा विचारही न करता.

याला दोन प्रतिदावे आहेत. पहिला संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्टच्या बाजूचा. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने पडद्यावर बाजाराची यादी गटवार लावली, मिटवली, उघडली. गाळून पाहण्याची कल्पना त्याची, हे मान्यच. पण ऑर्गचा कर्ता कार्स्टन डॉमिनिक, अ‍ॅमस्टरडॅमचा खगोलशास्त्रज्ञ, 2003 च्या जन्मकथेत एंगलबार्टकडे बोट दाखवत नाही. ईमॅक्सच्या आउटलाइन मोडमध्ये नुसतं उघडझाक करायला अकरा आज्ञा लक्षात ठेवाव्या लागत, त्याला तो वैतागला होता.

दुसरा दावा जास्त मोहक आहे. डॉमिनिकने आधी लाटेक या छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीसाठी रेफटेक हे संदर्भ सांभाळणारं साधन लिहिलं होतं, तेव्हा छापील कागदाची ओढ तिथून आली असेल. पण ऑर्गमधून आधी साधा मजकूर आणि एचटीएमएल निघू लागलं. लाटेकची वाट नंतर बास्तियाँ गेरीने घातली. म्हणून हा दावा मला टिकणारा वाटत नाही.

पुढे ‘फक्त दिसतं तेवढंच’ निर्यात करण्याची सोय आली. 2013 च्या आठव्या आवृत्तीत निकोला गोआझियूने निर्यातीची यंत्रणा नव्याने बांधली. कामांचा अजेंडाही थेट पीडीएफ करता येतो.

मराठी टिपणं छापणाऱ्यांनी एवढं करावं: पीडीएफसाठी ऑर्ग मुळात लाटेकचा पीडीएफलाटेक हा प्रकार वापरतं, त्याला देवनागरी थेट झेपत नाही. त्याऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा, देवनागरी फाँट नेमा आणि निर्यातीच्या यादीत ‘फक्त दिसणारं’ हा पर्याय चालू करा.