शासकीय सेवांची कार्डे : कोणते कशासाठी, आणि अडले तर काय करावे

भडगावच्या तहसील कार्यालयात किंवा एखाद्या रेशन दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाची पिशवी उघडली तर तिच्यात पाच-सहा कार्डे सहज निघतात. आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आयुष्मान कार्ड, कुणाचे ई-श्रम, कुणाचे दिव्यांग कार्ड. सगळी प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेली. तरीही "तुमचं कार्ड चालत नाही" हे ऐकून रिकाम्या हाताने परतणारे कमी नाहीत. एका फेरीत एका दिवसाची मजुरी जाते. म्हणून कोणते कार्ड काय करते, काय करत नाही आणि काम अडले तर कायदा कोणाच्या बाजूने आहे, हे आम्ही येथे एकत्र देत आहोत.

स्मार्टकार्ड म्हणजे नेमके काय?

खऱ्या अर्थाने स्मार्टकार्ड म्हणजे चिप असलेले कार्ड. माहिती त्या चिपमध्येच असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे कार्ड असे होते. कुटुंबातील पाच जणांपर्यंत वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण, बोटांचे ठसे आणि शिल्लक रक्कम असे सारे चिपवर. त्यामुळे नेटवर्क नसतानाही ते चालत असे.

आज आपण ज्याला स्मार्टकार्ड म्हणतो ते बहुतेक वेळा क्यूआर कोड छापलेले साधे प्लॅस्टिक असते. माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. गावात रेंज गेली, सर्व्हर बंद पडला किंवा ठसा जुळला नाही, की कार्ड हातात असूनही काम थांबते. दोष कार्डधारकाचा नसतो, पण हेलपाटा त्यालाच पडतो.

आधारची सुरुवात तर आपल्या खान्देशातूनच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. ज्यांच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. तो हेतू कार्यालयाच्या खिडकीवर टिकतो की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

एक इशारा. आधारमध्ये महत्त्व क्रमांकाला आहे, प्लॅस्टिकला नाही. साध्या कागदावर छापलेले ई-आधारही तितकेच वैध आहे. दुकानातून "स्मार्ट आधार" छापून घेण्यात पैसेही जातात आणि आपली माहिती परक्या संगणकात राहते. प्लॅस्टिकचे कार्ड हवेच असेल तर ते आधार प्राधिकरणाकडूनच मागवावे.

रेशन

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्यावर धान्य दिले जाते. अडचण इथेच येते. कापूस वेचणारे, वीटभट्टीवर राबणारे, ऊस तोडणारे हात झिजलेले असतात. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटतच नाहीत.

ठसा न जुळल्यास धान्य नाकारता येत नाही. केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना तसे स्पष्ट कळवले आहे. आधार नाही, जोडलेले नाही किंवा ठसा उमटत नाही, यापैकी कोणत्याही कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असा तो आदेश आहे. ठसा नसेल तर डोळ्यांची ओळख किंवा मोबाइलवरील ओटीपी असे पर्याय मागावेत. त्यासाठी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. हे एक काम सवडीने आधीच करून ठेवलेले बरे.

भडगाव, पाचोरा, चाळीसगावकडची अनेक कुटुंबे कामासाठी सुरतला असतात. "एक देश, एक रेशनकार्ड" योजनेत त्यांना तिथल्या दुकानातूनही धान्य घेता येते. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय २०१९ पासून आहे. कुटुंबातील काही जणांनी सुरतला आणि उरलेल्यांनी गावी आपापला हिस्सा उचलला तरी चालते. गावचे कार्ड रद्द करण्याची गरज नाही.

दवाखाना आणि एसटी

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत राबवली जाते. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता वय वंदना कार्ड दिले जाते. योजनेतील रुग्णालयात "आरोग्यमित्र" बसतो. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटावे. पैसे भरून झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ राहत नाही.

एसटीने २०१९ मध्ये ज्येष्ठांसाठी स्मार्टकार्ड आणले. ते सक्तीचे करण्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. पुढे २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे अशी सवलत आली. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी वय दाखवणारा ओळखीचा पुरावा जवळ ठेवावा. कोणता पुरावा चालतो याचे नियम बदलत असतात. ते आगारात विचारून घ्यावेत.

आपल्यासाठी खास : नाव आणि जात

आधारमध्ये धर्म आणि जात नोंदवली जात नाही. कायद्यानेच ती माहिती गोळा करायला मनाई आहे. आधार हा नागरिकत्वाचाही पुरावा नाही. त्यामुळे कोणतेही कार्ड जातीच्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्रात मात्र १९९० च्या घटनादुरुस्तीसारख्याच महत्त्वाच्या कायद्यापर्यंत, म्हणजे अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होईपर्यंत, चौतीस वर्षे थांबावे लागले. याचा माग घराघरातल्या कागदांवर दिसतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत "महार", वडिलांच्या दाखल्यावर "नवबौद्ध", मुलाच्या दाखल्यावर "बौद्ध". दाखला काढताना ही साखळी जुळवावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, जन्म-मृत्यू नोंद, जुना महसुली उतारा यांच्या प्रती आताच काढून ठेवाव्यात. मुलाचा प्रवेश तोंडावर आला की ती शोधाशोध जमत नाही.

दुसरी अडचण नावाची. अनेकांनी आडनावे बदलली, लग्नानंतर बायकांची नावे बदलली, शुद्धलेखन कार्डागणिक वेगळे झाले. नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी हा भक्कम पुरावा ठरतो. आधारमध्ये नाव साधारणपणे दोनदा आणि जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. ती संधी घाईत वाया घालवू नये; शाळेच्या दाखल्याशी पडताळूनच अर्ज करावा.

काम अडले तर

१. पोच घ्या. तोंडी अर्ज आणि तोंडी नकार यांचा पुढे उपयोग होत नाही. ऑनलाइन अर्ज केला तर त्याचा क्रमांक लिहून ठेवा.

२. मुदत विचारा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठराविक दिवसांत देणे बंधनकारक आहे. सेवा, मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकारी यांची यादी कार्यालयात लावलेली असली पाहिजे.

३. अपील करा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिले अपील, नंतर ३० दिवसांत दुसरे, आणि शेवटी ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

४. रेशनची तक्रार १९६७ या क्रमांकावर किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत करा. अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याचीही तरतूद आहे. आधारसाठी १९४७ आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत.

५. ओटीपी कुणालाही सांगू नका. "कार्ड बंद पडणार आहे" असा फोन आला तर तो ठेवून द्या.

विहारांनी काय करावे?

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. कागदावर. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले तेव्हाच ते पाणी ओंजळीत आले. मंजूर झालेला हक्क आणि मिळालेला हक्क यांतले अंतर आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको.

आजचे अंतर यंत्राच्या पडद्यावरच्या एका लाल सूचनेइतके आहे. पण त्यामुळे एखाद्या आजीचे महिन्याचे धान्य जाते, एखाद्या मुलीचा प्रवेश हुकतो. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलांनी कागद तपासावेत, अर्ज लिहून द्यावेत, ठसे न उमटणाऱ्या ज्येष्ठांची यादी करून ती पुरवठा शाखेत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. यासाठी निधी लागत नाही.

कार्ड हे साधन आहे. ते हरवते, झिजते, नाकारले जाते. हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तो कार्डासोबत संपत नाही. खिडकीवरून परत फिरण्याआधी एवढेच म्हणावे : "नाही म्हणता ना, मग तसं लिहून द्या."