सामान्यांची बखर लिहिणारे डॉ. अनिल अवचट

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इतिहासावर चार शब्द लिहावेत, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की जिजाऊसाहेब, अहिल्यादेवी आणि झाशीची राणी डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यावर लिहिणाऱ्या, माझ्याहून पुष्कळ शिकलेल्या भगिनी आपल्यात आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तेव्हा मी आपल्या जवळच्या काळातला एक इतिहास निवडला आहे. तो राजाचा नाही की सरदाराचा नाही. खडी फोडणारी बाई, हमाल, विणकर, तंबाखूच्या वखारीतली मजूरबाई, यांच्या हकिकती ज्यांनी आयुष्यभर लिहिल्या, त्या डॉ. अनिल अवचट या पत्रकाराचा आहे. त्यांची पुस्तके आपल्या मंडळाच्या पेटीतून मी एकेक करून वाचली.

प्रथम थोडी मागची हकिकत सांगते. मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ हे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मुंबईत काढले. ते शिकलेल्यांसाठी होते. शेतकरी, मजूर यांची गाऱ्हाणी छापणारे पत्र निघावयास आणखी पंचेचाळीस वर्षे जावी लागली. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस चालविले आणि गिरणीत राबणाऱ्या स्त्रीपुरुषांची दु:खे त्यात मांडली. रविवारची सुट्टी मजुरांना मिळाली त्यामागे लोखंड्यांची खटपट होती. याच ‘दीनबंधु’चे संपादन १९०८ पासून काही वर्षे तानूबाई बिर्जे या बाईंनी केले. पतीच्या निधनानंतर त्यांनी ही जबाबदारी उचलली. वर्तमानपत्र चालविणारी बाई त्या काळी आपल्याकडे होती, हे आपल्या मुलींना अवश्य सांगावे. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. ज्यांना वाचा नाही त्यांचा नायक, असे ते सार्थ नाव.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्याहून काढावे लागले. म्हणजे आपले दु:ख छापावयाचे तर परमुलखात जावे लागे! १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, त्यानंतर ही अडचण सरली.

अनिल अवचटांचा जन्म १९४४ सालचा, पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील ओतूर गावचा. त्यांनी पुण्यास डॉक्टरीचे शिक्षण घेतले. मुलगा डॉक्टर झाला म्हणजे दवाखाना, बंगला, मोटार, असा आईबापांचा हिशेब असतो. परंतु यांनी ती वाट धरली नाही. १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला होता. तिकडच्या पूर्णिया जिल्ह्यातली गरिबी त्यांनी पाहिली आणि त्यावर ‘पूर्णिया’ हे पुस्तक लिहिले. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून वर्तमानपत्रे, साप्ताहिके आणि मासिके यांतून त्यांनी जे लिखाण सुरू केले ते अखेरपर्यंत.

१९७२ साल आपल्या जिल्ह्याला दोन कारणांनी विसरता येणार नाही. पहिले कारण लज्जेचे आहे. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्या वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती आणि देशभर समारंभ चालले होते. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाचा १५ ऑगस्टचा विशेषांक अवचटांनी संपादित केला. त्यांनी तो दलित तरुणांच्या हाती दिला. त्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायद्याने केवढी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकला तर केवढी, ही तुलना त्या लेखात अत्यंत जळजळीत शब्दांत होती. महाराष्ट्रात त्यावरून मोठे वादळ उठले. भाषा कडक होती खरी; परंतु आपल्या जिल्ह्यातल्या गरीब बायांचे दु:ख त्या अंकामुळे घराघरांत पोहोचले, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण दुष्काळ. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या सूनबाई होत्या. त्या सांगतात, गुरे दावणीला मेली, बायाबापड्या खडी फोडावयास गेल्या, आणि मुलांना सुकडी मिळाली म्हणून ती जगली. कितीतरी घरे गाव सोडून शहरांकडे गेली. गावाकडे पाटील म्हणविणारा शहरात फुटपाथवर निजला. अशा गाव सोडून शहरात आलेल्या माणसांवर अवचटांनी लिहिले. त्यांचे ‘माणसं’ हे पुस्तक अशाच हकिकतींचे आहे. सासूबाईंना मी त्यातली काही पाने वाचून दाखविली. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “हे लिहिणारा आमच्याजवळ बसला होता की काय गं?”

सासूबाईंच्या या बोलण्यातच अवचटांच्या लिखाणाचे मर्म आले आहे. ते खरोखरच माणसांजवळ बसत. हमालांविषयी लिहावयाचे तर बाजारात जाऊन पोते किती वजनाचे, पाठीवर कसे घेतात, खेपेला काय मिळते, दुपारी काय खातात, म्हातारपणी कंबरेचे काय होते, हे सारे विचारीत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बाया काम करीत. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊन त्या खोकत असत आणि मजुरी मात्र तुटपुंजी. त्यांच्याजवळ बसून त्यांचेच शब्द त्यांनी लिहून आणले. ‘धागे आडवे उभे’ या पुस्तकात यंत्रमागावर राबणारे कामगार आहेत. कोठेही अलंकारिक भाषा नाही, उपदेश नाही, ‘अरेरे’ नाही. वाक्ये इतकी साधी की सातवी शिकलेल्या बाईलाही अडत नाही. रडावयाचे की चिडावयाचे, हे ते वाचणाऱ्यावर सोडतात.

यावरून मला आमच्याकडची एक गोष्ट आठवते. काही वर्षांमागे आमच्या ओळखीच्या एका बाईच्या नवऱ्याने कर्जापायी जीव दिला. तिसऱ्या दिवशी एका पत्राचा बातमीदार आला. घरात सुतक, बाई कोपऱ्यात बसलेली. त्याने उभ्या उभ्या चार प्रश्न विचारले, पदर बाजूला करावयास लावून फोटो घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. खाली लिहिले होते ते तिने सांगितलेच नव्हते. दीर-जावांनी तिलाच बोल लावला की घरची इज्जत चव्हाट्यावर मांडलीस. नंतर तो बातमीदार पुन्हा फिरकला नाही. तिची पोरे काय खातात हे त्याने कधी विचारले नाही.

भगिनींनो, दु:ख छापणे आणि दु:ख ऐकणे यांत हा फरक आहे. छापून येते म्हणजे उपकार होतोच असे नाही. ज्याचे दु:ख, त्याचा मान राखून ते लिहिले गेले तरच त्याचा उपयोग. विहिरीतून पाणी काढावयाचे तर दोर पुरेसा लांब लागतो, तसे माणसाच्या मनातले काढावयाचे तर वेळ लागतो. अवचट तो वेळ देत असत.

आता हा वेळ त्यांना मिळाला कोठून, हा प्रश्न आपण गृहिणींनी विचारलाच पाहिजे. गरिबांवर लेख लिहून संसार चालत नाही. याचे उत्तर त्यांच्या घरातच सापडते. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांच्या पगारावर घर चाले. तू तुझे लिहिण्याचे काम कर, पैशाचे मी पाहते, असा त्या घरातला करार होता म्हणा ना. आणि अवचटांनीही घरात पाय पसरून बसून चहा मागितला नाही. मुलींचे करणे, स्वयंपाकपाणी यांत ते राहिले, आणि ‘स्वतःविषयी’ या पुस्तकात आपल्याबद्दल मोकळेपणाने लिहिलेही. पुरुषाच्या यशामागे बाई असते असे भाषणांत सांगतात, टाळ्या पडतात, आणि बाई मागेच राहते. येथे तसे झाले नाही. अनिताताई पुढे आल्या, कशा ते सांगते.

१९८५ च्या सुमारास पुण्यामुंबईकडे गर्द नावाचे विष पसरले. चांगल्या घरची मुले त्याच्या आहारी गेली. घरातली भांडी विकू लागली, चोऱ्या करू लागली. अवचटांनी त्या मुलांमध्ये हिंडून, त्यांच्या आईबापांना भेटून लेख लिहिले. ‘गर्द’ नावाने त्यांचे पुस्तकही निघाले. ते लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या वाचनात आले. दोघांचे मन हलले. या मुलांसाठी काही करा, पैशाची मदत आम्ही करतो, असे त्यांनी कळविले. लेखकाचे काम लिहिण्यापर्यंत, पुढे काय? व्यसन हा रोग आहे आणि त्याला उपचार आहे, हे जाणणारी डॉक्टर घरातच होती. अनिताताईंनी ते काम अंगावर घेतले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. उद्घाटन पु. लं.च्याच हस्ते झाले.

वर्तमानपत्रातल्या लेखातून अशी संस्था उभी राहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. लेखणीने दुखणे दाखविले आणि बाईच्या हाताने ते उपचाराला घेतले. तेथे दारूचे व्यसनी येऊ लागले, आणि व्यसन्याबरोबर त्याच्या बायकोलाही कोणीतरी विचारले पाहिजे हे ओळखून ‘सहचरी’ नावाचा स्त्रियांचा गट तेथे चालविला गेला. तुमच्यामुळेच तो पितो, असे ज्यांना सासरी ऐकावे लागते, त्या बायकांना तेथे ‘हा रोग आहे, यात तुमचा दोष नाही’ असे सांगणारे भेटले.

पालम तालुक्यात, गोदाकाठी, आपल्यापैकी कितीजणींनी हे बोल ऐकले आहेत ते मी लिहीत नाही. सभेला येताना पदर कोणत्या गालावरून घेतलेला आहे यावरून आपल्याला कळते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर उचल घरी येण्याआधीच गुत्त्यावर जाते. अशा वेळी आपण काय करतो? बाईला म्हणतो, सोस बाई, तुझ्या नशिबाचे. मुक्तांगणची हकिकत वाचल्यापासून ‘नशीब’ हा शब्द मी या बाबतीत तोंडातून काढीत नाही. ताप आला तर आपण नशिबाला बोल लावून बसत नाही, माणसाला गंगाखेडला नाही तर परभणीला नेतो. मग दारूच्या रोग्यालाही दवाखाना दाखवावयास लाज कसली? गेल्या साली आपल्या मंडळातल्या दोघींनी आपल्या घरच्या माणसाला असे नेले. त्यांतल्या एकीचा संसार आज सावरला आहे, दुसरीचा अजून सावरावयाचा आहे. तिलाही आपण टाकून बोलता कामा नये.

अनिताताईंना कर्करोग झाला. दुखणे अंगावर असतानाही त्यांनी मुक्तांगणचे काम सोडले नाही. १९९७ साली त्या निवर्तल्या. त्यांच्यामागे कन्या मुक्ता यांनी संस्थेची धुरा उचलली. अवचट लिहीत राहिले. कागदाच्या घड्यांची खेळणी करून मुलांना देणे, लाकूड कोरणे, बासरी वाजविणे, असे छंदही त्यांनी जोपासले. २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय सत्याहत्तर होते.

गंगाखेडची जनाबाई आपल्या शेजारची. दळताकांडताना तिने जे म्हटले ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला मिळते. आपल्या आजी-पणजीही जात्यावर काही कमी बोलल्या नाहीत. ते मात्र कोणी टिपले नाही आणि पिठाबरोबर उडून गेले. म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर महिन्याच्या सभेत एका भगिनीची हकिकत एका वहीत उतरवून घ्यावी. बहात्तरची खडी, ऊसतोडीची कोपी, पहिले बाळंतपण, व्यसनापायी मोडलेले किंवा सावरलेले घर, जे तिला सांगावेसे वाटेल ते. लिहिणारीने मध्ये बोलू नये. लिहून झाले की तिला वाचून दाखवावे. ती ‘हे नको’ म्हणेल ते खोडावे. नाव घालावयाचे की नाही हे तिनेच ठरवावे. आणि वही मिटली म्हणजे काम झाले असे न समजता, त्या बाईला काय हवे आहे ते विचारून मंडळाने होईल तेवढे करावे.

वहीसाठी दोनशे पानी रजिस्टर मी आणून ठेवले आहे. पहिल्या पानावर सासूबाई सांगणार आहेत.