शीही, टिम

शीही, टिम : (१८ नोव्हेंबर १९८५ – ). अमेरिकेतील माजी नौदल अधिकारी, वणवे विझवणारे वैमानिक व माँटाना राज्याचे रिपब्लिकन सिनेटर. जन्म मिनेसोटा राज्यात. ॲनापोलिस येथील नौदल अकादमीतून २००८ मध्ये पदवी घेतल्यावर ते ‘नेव्ही सील’ या विशेष दलात अधिकारी झाले. इराक व अफगाणिस्तानात त्यांनी सेवा बजावली. शौर्यासाठी ‘ब्राँझ स्टार’ व युद्धात जखमी झाल्याबद्दल ‘पर्पल हार्ट’ ही पदके त्यांना मिळाली.

सैन्यसेवेनंतर २०१४ मध्ये त्यांनी माँटानात ‘ब्रिजर एरोस्पेस’ ही हवाई अग्निशमन कंपनी स्थापन केली. तिची ‘सुपर स्कूपर’ विमाने तलावाच्या पृष्ठभागावरून वेगाने सरकत सुमारे १२ सेकंदांत ५,००० लिटरहून अधिक पाणी भरून घेतात. धावपट्टीवर परतावे न लागल्याने जवळच जलाशय असेल, तर वणव्यावर लागोपाठ मारा करता येतो. या कामावर शीही यांनी ‘मडस्लिंगर्स’ (२०२३) हे पुस्तक लिहिले.

२०२४ मध्ये त्यांनी सिनेटची निवडणूक लढवली. हातावरील गोळीच्या जखमेबाबत त्यांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या खुलाशांवरून प्रचारात वाद झाला. ५ नोव्हेंबर रोजी त्यांनी तीन वेळा निवडून आलेले डेमोक्रॅट जॉन टेस्टर यांचा पराभव केला. त्यामुळे शतकाहून अधिक काळानंतर सिनेटमधील माँटानाच्या दोन्ही जागा रिपब्लिकन पक्षाकडे आल्या. ३ जानेवारी २०२५ रोजी शीही यांनी पदभार स्वीकारला. वणवे रोखण्यासाठी वनव्यवस्थापन सुधारू पाहणाऱ्या ‘फिक्स अवर फॉरेस्ट्स’ या द्विपक्षीय विधेयकाचे ते एक प्रस्तावक आहेत.