सिंधूचं खोटं आणि गीताचा आवाज

धानाची कापणी झाली, बांध्या मोकळ्या झाल्या, की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक रंगतं. जवाहरनगरच्या आणि आसपासच्या गावांतल्या आम्ही बायाही अंगावर चादर घेऊन मंडपात बसतो, ते पहाटेपर्यंत. म्हणून आज नाटकाचाच एक प्रश्न घेऊन आलो आहोत. जुनं संगीत नाटक आजच्या लोकांपुढे नव्यानं आणताना त्यात बदल करावा का, आणि केला तर कुठे?

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठी संगीत नाटकाची खरी घोडदौड सुरू झाली. नाटक रात्रभर चालायचं. एखादं पद आवडलं की लोक ‘वन्समोअर’ म्हणून ओरडायचे आणि नट ते पुन्हा गायचा. आता शहरात तेवढा वेळ कुणाकडे नाही, त्यामुळे जुन्या नाटकांना कात्री लागते. ती लागली म्हणजे नाटक बिघडलंच असं नाही. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आलं. पुढे २०१० मध्ये सुबोध भावे यांनी ते पुन्हा बसवलं आणि वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेली खाँसाहेबांची भूमिका त्यांच्या नातवानं, राहुल देशपांडे यांनी केली. २०१५ साली त्यावर सिनेमा आला, त्यात जुन्या पदांसोबत नवी गाणीही आली. नाट्यसंगीत कधी न ऐकलेली पोरंही ती गुणगुणू लागली.

पण सगळेच बदल असे सोपे नसतात. आपण ‘एकच प्याला’ घेऊ. राम गणेश गडकरी यांचं हे नाटक. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये आपल्याच विदर्भात, सावनेरला वारले. त्यानंतर महिनाभरातच बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक उभं केलं. नाटक गडकऱ्यांचं, पण पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी. चाली देण्यात सुंदराबाई जाधव या गायिकेचा मोठा वाटा होता. आणि सिंधू झाले होते बालगंधर्व, म्हणजे एक पुरुष! म्हणजे बघा, ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, त्यालाही पहिल्याच दिवशी किती हात लागलेले होते.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सुधाकर हुशार वकील. एका प्याल्यापासून सुरुवात होते आणि संसार धुळीला मिळतो. सिंधू लोकांचं दळण दळून पोट भरते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून लेकरू जातं आणि सिंधूलाही जीवघेणा मार बसतो. चौकशीला पोलीस येतात, तेव्हा मरणाच्या दारात असलेली सिंधू नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते. शंभर वर्षांपूर्वी या प्रवेशाला लोक पदरानं डोळे पुसत आणि म्हणत, केवढी ही पतिव्रता!

आज आम्ही तो प्रवेश आठवतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतंच, पण रागही येतो. मग नव्यानं नाटक बसवणाऱ्यानं सिंधूच्या तोंडी खरं बोलणं घालावं का?

असा बदल परदेशात झाला आहे. फ्रान्समध्ये १८७५ साली ‘कार्मेन’ नावाचं संगीत नाटक आलं. त्यात शेवटी प्रियकर कार्मेनचा खून करतो. २०१८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ते नव्यानं झालं, तेव्हा दिग्दर्शकानं शेवट फिरवला आणि कार्मेननंच त्याच्यावर गोळी झाडली. बाईच्या मरणाला टाळ्या का वाजवायच्या, असं त्यामागचं म्हणणं. त्यावर मोठा वाद झाला.

आमच्यातही या प्रश्नावर दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, बदलाच. पोरींसमोर असा आदर्श नको. पण बोलता बोलता आम्ही बहुतेकजणी एका ठिकाणी आलो. सिंधूचं खोटं नाटकातून काढून टाकलं, तरी ते गावातून जात नाही. ‘पाय घसरला’, ‘दाराची चौकट लागली’, हे आपण दवाखान्यात ऐकलेलं आहे. कुणी कुणी स्वतः सांगितलेलंही आहे. ते रंगमंचावर दिसलं तरच त्यावर बोलता येईल. म्हणून शेवट तोच ठेवावा, फक्त त्याला पुण्याई म्हणून दाखवू नये.

आणि कात्री लावणाऱ्यांना आमचं एक सांगणं आहे. याच नाटकात तळीराम या दारुड्याची बायको गीता आहे. ती नवऱ्याला तोंडावर ठणकावते. वेळ वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री अशा दुय्यम पात्रांवर चालते. पदं कमी करा, लांबलचक भाषणं कमी करा, पण गीता काढू नका. गीता गेली तर मंडपातल्या बाईला वाटेल, त्या काळी सगळ्या सिंधूसारख्याच होत्या. तसं नव्हतं. गडकऱ्यांनीच दोघींना समोरासमोर उभं केलं होतं.

सिंधूच्या पाठीशी कायदा नव्हता. आपल्याकडे २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे, आणि आपला गट आहे. यंदाच्या मंडईत एखादं जुनं नाटक लागलं तर जरूर बघा. घरी येताना वाटेत एकमेकींना विचारा, आज यातलं काय कापलं होतं, आणि कुणाचा आवाज गेला?

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.